पिस्तुलाचा भरवसा

कागदोपत्री आमच्या गावाचे नाव सिल्वासा, बाजारात सेलवास. नाव कोणतेही घ्या, २ ऑगस्टला इथे पाऊस असतोच. शाळेच्या पटांगणात चिखल होतो, झेंडा ओला होऊन काठीला चिकटतो आणि मुक्तिदिनाचे भाषण व्हरांड्यात करावे लागते. हे भाषण मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केले आहे की तारखा आपोआप जिभेवर येतात : २२ जुलै १९५४ दादरा, २८ जुलै नरोली, २ ऑगस्ट सिल्वासा. यंदा भाषण संपल्यावर प्रथेप्रमाणे 'काही शंका?' असे विचारले. ह्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते हे शाळेत सर्वांना ठाऊक असते. पण आठवीतला एक वारली मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, त्या लोकांकडं पिस्तुलं होती ना? ती चालायची का?"

मुले हसली. मीही हसलो आणि म्हणालो, "चालली म्हणून तर आपण आज इथे आहोत!" टाळ्या पडल्या, घंटा झाली.

उत्तर टाळीचे होते, पण खरे नव्हते. इतिहासाच्या एम.ए.ने असे उत्तर द्यावे याची मला दोन दिवस टोचणी लागून राहिली. टोचणीला आणखी एक कारण होते. दोन वर्षांपूर्वी आमचाच एक माजी विद्यार्थी, इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला, एका लग्नाच्या वरातीत मित्रांबरोबर हवेत बार काढायला गेला. हातात बाराएक हजारांना घेतलेले गावठी पिस्तुल होते. नळी फुटली. उजव्या हाताची दोन बोटे गेली, वर पोलीस, कोर्ट, वकील. आता तो किराणा दुकानात बसतो आणि सुटे पैसे डाव्या हाताने देतो. तेव्हा 'चालायची का?' हा प्रश्न मला वाटला तितका पोरकट नाही.

म्हणून ह्या दिवाळीच्या निमित्ताने मुलाला द्यायचे उत्तर इथे लिहून काढतो. ते थोडे लांबचे आहे.

आधी यंत्राविषयी चार शब्द. रिव्हॉल्व्हरला फिरता चक्री डबा असतो. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, डबा फिरतो, पुढचे काडतूस समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे तसे नाही. त्यातली काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसलेली असतात. एक गोळी सुटली की तिच्याच मागच्या धक्क्याने वरचा भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. म्हणजे प्रत्येक गोळीने पुढच्या गोळीची सोय करायची. साखळीतली एक गोळी फुसकी निघाली की सगळा कारभार ठप्प. मी वर्गात हे स्टेपलर दाखवून सांगतो. आमच्या कार्यालयातला स्टेपलर चांगला आहे, पण पिना स्वस्तातल्या आणल्या की तिसऱ्या कागदाला अडकतो, आणि शिपाई शिव्या देतो त्या स्टेपलरला. पिस्तुलाचेही असेच. त्याचा भरवसा निम्मा काडतुसात असतो, पाव मॅगझिनच्या पत्र्यात आणि उरलेला ते धरणाऱ्या हाताच्या सरावात. दुकानदार किंमत सांगतो ती मात्र लोखंडाची.

हे यंत्र सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असे कोणी केले? जॉन मोझेस ब्राउनिंग ह्या अमेरिकन कारागिराने. त्याचा नमुना बेल्जियममधल्या लीएज शहराजवळ हेर्स्टाल येथे फाब्रिक नास्योनाल ह्या कारखान्याने काढला आणि १९०० च्या ह्या नमुन्याने 'ब्राउनिंग' हे नाव जगभर केले. ७.६५ मिलिमीटरचे लहानसे काडतूस, मॅगझिनमध्ये सात. काडतूस बेताच्या जोराचे असल्यामुळे नळी जागची हलवावी लागत नाही, कुलपाची गुंतागुंत लागत नाही, सुटे भाग कमी, म्हणून किंमतही कमी. सुमारे दहा वर्षांत अशी सात लाखांवर पिस्तुले निघाली. स्वस्त, पण हलके नव्हे; लीएजच्या परीक्षागृहात नेहमीपेक्षा जास्त दारूचे काडतूस उडवून नळी पारखायची आणि टिकली तरच ठसा मारायचा, अशी तिथली जुनी शिस्त. ('ठोकून बघितले आहे' असे आपला कुंभार मडक्याविषयी म्हणतो, ते हेच.) १९०४ मध्ये फिनलंडच्या रशियन गव्हर्नर-जनरलवर आणि ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर जपानच्या इतो हिरोबुमींवर ह्याच नमुन्याची पिस्तुले चालली. ज्यांच्यापाशी सैन्य नव्हते त्यांच्या हाती हे यंत्र पडले होते.

भारतात ते उघडपणे मिळणे कठीण. १८७८ च्या शस्त्रकायद्याने भारतीयाला परवान्याची सक्ती केली होती, गोऱ्याला सूट. लंडनमध्ये मात्र टपाल कचेरीत दहा शिलिंग भरून मिळणारा परवाना दाखवला की काम होई. मदनलाल धिंग्रा ह्यांनी २६ जानेवारी १९०९ रोजी हॉलबर्नच्या गॅमेज ह्या मोठ्या दुकानातून कोल्ट बनावटीचे स्वयंभरणी पिस्तुल घेतले. किंमत तीन पौंड पाच शिलिंग. त्या वेळच्या पंधरा रुपयांच्या दराने पावणेएकोणपन्नास रुपये. खटल्यातला हा पुरावा मी वाचतो तेव्हा मला किमतीपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या गाळ्याच्या मालकाने साक्ष दिली की हा तरुण आपल्याच पिस्तुलाने तिथे सराव करायला येत असे. १ जुलैच्या संध्याकाळीही आला, बारा गोळ्या झाडल्या, त्यांतल्या अकरा निशाणावर बसल्या. त्याच रात्री कर्झन वायली मारला गेला, आणि मध्ये पडलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही. मग धिंग्रांनी पिस्तुल स्वतःच्या कपाळाला लावले, पण ते नुसते खट् वाजले. बारापैकी अकरा हा यंत्राचा आणि हाताचा भरवसा होता. शेवटचा खट् हा हिशेबाचा. मॅगझिनमध्ये सात-आठच मावतात, हे सरावात कोणालाच शिकवावे लागत नाही आणि प्रत्यक्षात कोणालाच आठवत नाही.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग आणि काडतुसे मिळवली आणि इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन ह्याच्या पेटीच्या खोट्या तळात घालून मुंबईला पाठवली. त्यांपैकी एक २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांच्या हातात होते. किर्लोस्कर मंडळींचे 'शारदा' लागले होते. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन नाटकाला आले होते. संस्कृत जाणणारे, प्राच्यविद्येचे अभ्यासक, लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वरच्या कोर्टात पाठवणारेही तेच. पिस्तुलाने दगा दिला नाही.

आता किंमत मोजू. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांच्या आसपासचे. माझ्या बारावीतल्या मुलांएवढे. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला. माग नाशिकहून पेटीपर्यंत आणि पेटीहून लंडनपर्यंत गेला, आणि जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल ३० जानेवारी १९११ रोजी सावरकरांना दुसरी जन्मठेप ठोठावण्यात आली. एकूण पन्नास वर्षे.

कारखान्यातल्या मालाचा हा एक गुण आपण विसरतो. चांगल्या पिस्तुलावर नंबर असतो. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रोडा कंपनीचा माल जकातीतून सोडवून आणताना पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. माउझर म्हणजे त्या काळचा उंची माल. लाकडी खोके मागे जोडले की पिस्तुलाची छोटी बंदूक होई. पुढे सरकारनेच नेमलेल्या रौलट समितीने नोंदवले की त्यांतली चव्वेचाळीस लगोलग नऊ गटांत वाटली गेली आणि चोपन्न घटनांमध्ये वापरली गेली. पण कंपनीकडे पन्नासही नंबरांची यादी होती. जे पिस्तुल सापडे ते कुठले हे लगेच कळे. समितीच्या अहवालापर्यंत एकतीस परत मिळाली होती. बेनंबरी माल हाती घेतला तर फुटण्याची भीती, नंबरी घेतला तर पकडले जाण्याची. शस्त्र लपवून बाळगणाऱ्याला ह्या दोहोंतून निवड करावी लागे.

आता ज्याला खरोखर 'स्वस्त पिस्तुल' म्हणता येईल त्याच्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुलांचा तुटवडा पडला. १९१५ मध्ये त्यांनी स्पेनच्या बास्क मुलुखातल्या एका कारखान्याला 'रुबी' नावाच्या पिस्तुलाची मागणी दिली. ब्राउनिंगच्या धर्तीवर बेतलेले, काडतूस तेच ७.६५ चे. मागणी महिन्याला दहा हजार, मग तीस हजार. एका कारखान्याला झेपेना, तेव्हा एबार गावातले आणि आसपासचे अनेक लहानमोठे कारखानदार पुढे सरसावले. प्रत्येकाने आपापल्या मापाने घासून पिस्तुले पाठवली. दिसायला सगळी एकसारखी, पण एकाचे मॅगझिन दुसऱ्यात बसेना. शेवटी कोणत्या कारखान्याचे मॅगझिन कोणत्या पिस्तुलाचे हे कळावे म्हणून पिस्तुलावर दोन-दोन अक्षरे ठोकावी लागली. काही कारखान्यांची पिस्तुले उत्तम होती, काहींचे पोलाद मऊ. खंदकातल्या शिपायाला कुठले वाट्याला येईल हे नशिबावर. स्वस्त मालाची खरी खोड ती हीच. तो सगळाच वाईट असतो असे नाही. कुठला चांगला हे आधी कळत नाही, आणि न कळण्याचे पैसे आपण वाचवलेले असतात. माझ्या विद्यार्थ्याच्या हातातल्या वस्तूवर ना ठसा होता ना नंबर. तिची पहिली परीक्षा त्याच्याच हातात झाली.

इथे एका अप्रिय प्रकरणाचा उल्लेख टाळता येत नाही. २० जानेवारी १९४८ च्या सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनाच्या मागच्या रानात काही मराठी माणसे दोन रिव्हॉल्व्हर पारखत होती. खटल्यात पुढे आलेली हकिकत अशी की एकाचा काडतुसांचा डबा धड बाहेर निघेना, आणि दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचेना. घाईत, चोरून, मिळेल त्या भावाने जमवलेला माल. त्या संध्याकाळचा बेत फसला. त्याला इतर कारणेही होती, पण हा माल त्यांतले एक म्हणायला हरकत नाही. मग ग्वाल्हेरहून एक बेरेटा आणले गेले. इटलीच्या सैन्यासाठी १९३४ मध्ये सिद्ध झालेला नमुना, भरवशाचा. ३० जानेवारीला त्याने तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही वेळा ते चालले. नाशिकची गोष्ट सांगताना ज्यांचा आवाज चढतो त्यांना ही गोष्ट सांगताना गप्प बसावेसे वाटते. मलाही वाटते. पण भरवशाचे यंत्र हात बघत नाही, आणि मुलाला पिस्तुलांचा इतिहास सांगायचा तर अर्धाच सांगून चालणार नाही. दिल्लीच्या त्या रानातला फुसका माल हा माझ्या मते आपल्या इतिहासातला सर्वांत उपकारक फुसका माल आहे. त्याने गांधीजींना दहा दिवस दिले.

आता सिल्वासा.

१९५४ साली १८७८ चाच शस्त्रकायदा लागू होता, त्यामुळे गॅमेजसारख्या दुकानात जाऊन, पारखून, सराव करून यायची सोय नव्हती. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही मंडळी आज नावाने मोठी वाटतात. तेव्हा ती तिशीच्या आगेमागची माणसे होती आणि खिसे रिकामे होते. पैसा उभा करायला लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात करावा लागला. फडके संगीतकार, पुरंदरे इतिहासकार. बंदुकीचा चाप ज्यांचा रोजचा सोबती, अशी ही पलटण नव्हे. समोर कॅप्टन फिदाल्गोच्या हाताखाली दीडशे सशस्त्र पोलीस.

दादऱ्याला २२ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हास आणि वामन देसाई ह्यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने चौकी घेतली. तिथे अनिसेतो द रोझारियो हा सब-इन्स्पेक्टर आणि अंतोनियो फर्नांडिस हा शिपाई मारले गेले. आमच्या भाषणांत ही दोन नावे येत नाहीत. पोर्तुगालने मात्र रोझारियोला वीर ठरवले. यंदा मी ती घेतली नाहीत, पुढच्या वर्षी घेईन.

सिल्वाशाची हकिकत वेगळी. १ ऑगस्टला स्वयंसेवक दादरा आणि नरोलीकडून येऊन पिपरियाला थांबले. पिपरिया आज सिल्वाशातच मोडते. रिक्षाने दहा मिनिटे. ते आल्याचे कळताच फिदाल्गो आपले दीडशे पोलीस घेऊन खानवेलकडे निघून गेला आणि सिल्वाशाच्या रखवालीला पाच पोलीस ठेवून गेला. २ ऑगस्टच्या पहाटे स्वयंसेवक तीन तुकड्या करून चौकीवर चालून गेले. पहाऱ्यावरच्यांना त्यांनी दाबले, बाकीच्यांनी प्रतिकार न करता शस्त्रे खाली ठेवली. फिदाल्गो पुढे ११ ऑगस्टला उदव्याला भारताच्या राखीव पोलिसांच्या स्वाधीन झाला.

तेव्हा 'पिस्तुलं चालायची का?' ह्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की त्या पहाटे ती चालवून बघण्याची पाळीच फारशी आली नाही. दीडशे पोलीस पळाले ते गोळीने नव्हे. आसपासची भारतीय हद्द बंद होती, दमणहून कुमक येण्याची आशा नव्हती, आणि पिपरियाला किती माणसे आहेत, त्यांच्याजवळ काय आहे, हे फिदाल्गोला अंधारात आणि पावसात मोजता आले नाही. पावसात भिजलेल्या काडतुसांवर कोणी सुज्ञ माणूस भरवसा ठेवणार नाही, पण चौकीतल्या पोलिसाला समोरच्या कंबरेतले काडतूस ओले की कोरडे हे दिसत नाही. नाशिकच्या पिस्तुलाची किंमत ते चालण्यात होती, सिल्वाशाच्या पिस्तुलाची ते दिसण्यात. अर्थात ही तुलना मला पाहिजे तितकी सोयीची नाही. पहाऱ्यावरचे पाच जण घाबरण्याऐवजी चिडले असते तर त्या माणसांना आपल्या खिशातल्या लोखंडाची खरी परीक्षा पाचच मिनिटांत द्यावी लागली असती, आणि सिल्वाशाच्या मुक्तिदिनाच्या भाषणात मग आणखी काही नावे असती.

मी हे सगळे त्या मुलाला एका दुपारी कार्यालयात बोलावून, स्टेपलर पुढ्यात ठेवून सांगितले. त्याने नीट ऐकले. मग स्टेपलर उघडून आत बघितला, स्प्रिंग दाबून पाहिली आणि विचारले, "सर, ते पाच पोलीस का पळाले नाय?" ते मागे ठेवलेले होते, एवढे मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे त्यांच्या साहेबानं त्यांना सोडलं." प्रश्न त्याचा संपला होता.

त्याच आठवड्यात मी किराणा दुकानात गेलो. आमचा माजी विद्यार्थी गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलत होता. मला बघून मराठीत आला, खुर्ची दिली. पुढच्या २ ऑगस्टला शाळेत ये, मुलांना दोन मिनिटे सांग, असे मी म्हणालो. त्याने उजवा हात काउंटरखाली घेतला.

"सर, मी नाय येणार स्टेजवर. पोरं हात बघतील."

"बघू देत की."

तो काही बोलला नाही. मला साखर बांधून दिली, डाव्या हाताने. अजून त्याने हो म्हटलेले नाही. मी दर महिन्याला साखर त्याच्याकडूनच घेतो आहे.